हातभर पाणी

(दृश्य: मालवणची जेटी, सकाळचे साडेसहा. होडीत हवेच्या टाक्या चढवल्या जातायत. मागे सिंधुदुर्गाचा तट.)

समोरचं हे कुरटे बेट. १६६४ साली शिवाजी महाराजांनी इथं सिंधुदुर्ग बांधायला घेतला, ते आपण चौथीच्या पुस्तकात वाचलंय. आज मात्र तट-बुरुजांकडे पाठ करायचीय. तटाबाहेर पाच ते दहा मीटर पाण्याखाली जे खडक आहेत, तिथं कॅमेरा घेऊन उतरायचंय.

मी इथं पहिल्यांदा आलो तो पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. सुट्टी तेव्हाच मिळाली होती, दुसरं काही कारण नाही. होडीचे तांडेल आबा. त्यांनी माझं कॅमेऱ्याचं धूड बघितलं, मग पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज नको. पाणी ढवळलेला आसा. अष्टमीक येवा, भांगाचा पाणी निवळ गावतला."

मी ऐकलं नाही. खाली गेलो, हात लांब केला, तर बोटं हिरव्या धुक्यात. चाळीस मिनिटांत दोनशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत बर्फ पडतोय. मालवणात!

(दृश्य: ते फोटो. हिरवट पार्श्वभूमी, पांढरे ठिपके.)

याला बॅकस्कॅटर म्हणतात. पाण्यात गाळाचे, शेवाळाचे, प्लवकांचे कण तरंगत असतात. फ्लॅश उडाला की माशाआधी तेच उजळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाहाला जोर असतो आणि तळाचा गाळ वर येतो. शिवाय दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदीचं मुख आहे. अष्टमी-नवमीला भांग. चढउतार कमी, पाणी शांत. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. डायव्हिंगचा दिवस मी आता हवामानाच्या ॲपवर नंतर बघतो, आधी कालनिर्णयवर.

आता कॅमेरा. लोक विचारतात, "दादा, कुठला घेऊ?" आणि मग सेन्सरबद्दल बोलायला लागतात. किती मेगापिक्सेल, फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर) का नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खालच्या फोटोची खरी भांडणं सेन्सरशी नसतात, पाण्याशी असतात. मासा आणि भिंग यांच्यामध्ये किती पाणी आहे, तो हिशोब आधी मांडा. कॅमेरा त्या हिशोबातून आपोआप ठरतो.

(दृश्य: पाण्याखाली एक लाल फडकं. पाच मीटरवर तपकिरी, दहावर जवळजवळ काळं.)

बघा, हे फडकं लालभडक आहे. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. पाच मीटरवरच लाल बराचसा गेलेला असतो. आणि पाणी वरून खालीच मोजायचं नाही. पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून तुमच्यापर्यंत, दोन्ही मिळून मोजायचं. म्हणून सोबत स्वतःचा उजेड न्यायचा. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, हातभर अंतरावरून मारला तर प्रकाशाला जाऊन-येऊन दोनच हात पाणी कापावं लागतं, आणि रंग जागेवर राहतात.

म्हणजे जवळ जायचं. पण जवळ गेलं की मासा चौकटीत मावत नाही. म्हणून खूप रुंद बघणारं, तरीही नाकासमोरच्या वस्तूवर फोकस होणारं भिंग हवं. माझ्याकडे मायक्रो फोर थर्ड्सचा कॅमेरा आहे. सेन्सर फुल फ्रेमच्या निम्म्या लांबी-रुंदीचा. त्यावर पॅनासॉनिकचं ८ मिलिमीटरचं फिशआय भिंग, १८० अंश बघणारं, सेन्सरपासून अवघ्या १० सेंटिमीटरवर फोकस होणारं. त्याच्यापुढे नारळाच्या करवंटीएवढा काचेचा डोम. एवढं लहान काम घेऊन खडकाच्या कपारीत तोंड घालता येतं. मोठ्या कॅमेऱ्याचा परातीएवढा डोम तिथं शिरतच नाही.

डोमच का, सपाट काच का नको? पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सपाट काचेतून पाण्यात बघितलं की सगळं पाऊण अंतरावर दिसतं, म्हणून एक तृतीयांशाने मोठंही, आणि भिंगाची रुंदी कापली जाते. गोल डोम ती रुंदी परत देतो. त्याची खोड वेगळी. कडा मऊ पडतात, त्या सुधारायला ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं भोक, बारीक करावं लागतं. एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान. फुल फ्रेमवर एफ ११, एफ १६ पर्यंत जावं लागतं तिथं माझं एफ ८ मध्ये भागतं. मोठ्या सेन्सरने उजेडात जे कमावलं, ते डोमपाशी बरंचसं परत द्यावं लागतं. दुकानात हे कोणी सांगत नाही.

फुल फ्रेम घेऊच नका असं मी म्हणत नाही. सोनीच्या ए७सी सारख्या लहान बॉडीवर साधं २८-६० चं भिंग लावून, पोर्टवर, म्हणजे भिंगापुढच्या काचेवर, बाहेरून वेट लेन्स नावाचं जोडभिंग बसवणारे लोक आहेत आणि त्यांचे फोटो बघून मला हेवा वाटतो. वेट लेन्स पाण्याखालीच काढता-घालता येते. फक्त पाण्यात उतरल्यावर ती एकदा ढिली करून मधले बुडबुडे घालवायचे, हे विसरलात तर सगळ्या डाइव्हभर एक बुडबुडा तुमच्या फोटोत राहील.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. चांगलं ॲल्युमिनियमचं हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी, कॅमेऱ्याएवढं किंवा त्याहून महाग पडतं, आणि ते त्या एकाच मॉडेलच्या मापाचं असतं. कॅमेऱ्याचं पुढचं मॉडेल आलं, बटण चार मिलिमीटर सरकलं, की हाऊसिंग गेलं माळ्यावर. म्हणून उलटं करा. आधी चांगलं वापरलेलं हाऊसिंग शोधा, मग त्यात बसणारा जुना मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, स्क्रीनवर बघायचा कॅमेरा घ्या. उरलेले पैसे दोन स्ट्रोबवर घाला. एकावर नाही, दोनवर.

(दृश्य: होडीच्या फळीवर पंचा अंथरलेला. हाऊसिंग उघडं. बोटांत काळी रबरी कडी.)

ही ओ-रिंग. जाडीला सुतळीएवढी. समुद्र आणि सर्किट यांच्यामध्ये एवढीच काय ती भिंत.

माझा पहिला कॅमेरा मी होडीत मारला. बॅटरी संपली होती. मिररलेसची बॅटरी संपतेच, स्क्रीन सतत चालू असते ना. ओल्या हाताने हाऊसिंग उघडलं, बॅटरी बदलली, बंद केलं. शेजारी नांगराचा दोर पडला होता, त्याच्या काथ्याचा एक तंतू ओ-रिंगवर चिकटला होता. केसाएवढा. दोन मीटरवर डोमच्या बाजूने मोत्यांसारखी बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसली. मला आधी ती सुंदर वाटली. वर येईपर्यंत भिंगाच्या माउंटपर्यंत पाणी चढलं होतं. गोडं पाणी असतं तर कदाचित वाचला असता. खाऱ्या पाण्याने तासाभरात हिरवं करून टाकलं.

गंमत म्हणजे गळती पुष्कळदा अशी उथळ पाण्यातच होते. खोल गेलं की दाब झाकण आणखी आवळतो. दहा मीटरवर तो वरच्या दुप्पट असतो.

आता मी हाऊसिंग आदल्या रात्री, खोलीत, एसी लावून भरतो. आतली हवा कोरडी राहिली की डोमवर धुकं धरत नाही. ओ-रिंग काढायची, बोटाच्या पेराने पूर्ण फिरवत चाचपायची, सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चकाकी येण्याएवढा हात. ग्रीस म्हणजे पोळीवरचं तूप नव्हे. जास्त लावलं की उलट वाळू धरतं. मग पंपाने आतली हवा ओढायची. कुठूनही हवा परत आत शिरत नसेल तर हिरवा दिवा लागतो. सकाळी घावणे-चटणी खाऊन परत बघायचं. तेव्हाही हिरवा असला तरच होडीत.

(दृश्य: पाण्याखाली. खडकावर बोटाच्या पेराएवढी रंगीत गोगलगाय.)

अष्टमी. आज सात-आठ मीटर दिसतंय, मालवणच्या मानाने चैन. तरी मी आज मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणारं भिंग आणलंय, ६० मिलिमीटरचं, सपाट पोर्टमागे. ही न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. पाठीवर फुलासारखा उमललेला जो झुबका दिसतोय, ते तिचे कल्ले. तिच्यापासून भिंग वीतभरही लांब नाही. इतकं जवळ असलं की गढूळ दिवशीही फोटो स्वच्छ येतो, कारण मध्ये गढूळ व्हायला पाणीच उरत नाही.

इथं नवखे हमखास अडतात. शटर १/२००, एफ १६, सगळं बरोबर, आणि स्क्रीन काळीठिक्कर. मिररलेस प्रामाणिक आहे, या सेटिंगला स्ट्रोबशिवाय फोटो जेवढा काळा येईल तेवढाच काळा दाखवतो. मेनूत जाऊन एक्स्पोजरचा तो प्रिव्ह्यू बंद करायचा. हे जमिनीवर करून घ्या. मास्क लावून, लाटेत हलत, मेनू शोधून बघा एकदा!

स्ट्रोब गोगलगायीवर रोखलेले नाहीत, बघितलंत? दोन्ही बाजूंना, जरा मागे, तोंडं बाहेरच्या अंगाला. उजेडाच्या झोताची फक्त कड तिच्यावर पडते. मधलं पाणी अंधारात राहतं, कण चमकत नाहीत.

आणि माझे पाय. पोटऱ्या वर, फिन्स तळापासून लांब, बेडकासारखा हळू मारा. हे तरंगणं अंगवळणी पडेपर्यंत कॅमेरा आणू नका. पहिल्या डाइव्हला प्रशिक्षकाने तुमची टाकी धरलेली असते, तेव्हा तर नाहीच. फोटोच्या नादात प्रवाळावर गुडघा टेकवणारे मी बघितलेत. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पण नसतं तरी गुडघा टेकवायला ती जागा नव्हे.

(दृश्य: कपार. आत एक गोबरा, तोंड बाहेर काढून. कॅमेरा हळूहळू पुढे. मासा एकटक बघतोय.)

श्वास रोखायचा नाही. सावकाश सोडायचा. एकच फोटो.

(दृश्य: होडी. हाऊसिंग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवलेलं. एक-एक बटण पाण्यातच दाबून मीठ काढलं जातंय. नंतर स्क्रीनवर गोबरा.)

"आबा, हा बघा. चांगला हातभर होता."

आबा स्क्रीनकडे बघतात. माशाशेजारच्या कालवांकडे बघतात.

"खंयचो हातभर? वीतभर आसतलो. पाण्यात सगळाच मोठा दिसता," म्हणतात, आणि नांगर ओढायला लागतात.