कपाशी मोडायचे पैसे

नमस्कार श्रोतेहो.

कपाशी फुलापात्यावर आलीय, बोंडं धरू लागलीत, आणि सरकार म्हणतंय, मोडा ती, एकरामागे पैसे देतो. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण 1933 साली अमेरिकेत हे झालं. कापसाचा भाव पौंडाला 6 सेंटच्या आसपास घसरला होता, जुन्या गाठी गोदामांत पडून होत्या. मे महिन्यात कायदा झाला, तोवर पेरणी उरकलेली. मग उभ्या पिकात नांगर घातला. एक कोटी एकरांहून जास्त कपाशी गाडली, एकरी 7 ते 20 डॉलर मोबदल्यात.

यात एक गंमत सांगतात. खेचरं पिकावरून चालेचनात! आपल्या डवऱ्याच्या बैलासारखीच ती, दोन ओळींमधून चालायचं आणि झाडाला पाय लावायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं.

आता पॉइन्सेट काउंटीत चला. आर्कान्सा राज्य, मिसिसिपीच्या खोऱ्यातली गाळाची जमीन. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा, आकाराने लहान. इथली कपाशी कसत होते वाटेकरी, गोरेही आणि काळेही. अनुदानाचा चेक मात्र यायचा मळेवाल्याकडे. त्याने वाटेकऱ्याचा हिस्सा पुढे द्यायचा, असं कागदावर होतं. पण वाटेकऱ्याची वर्षभराची उधारी मळेवाल्याच्याच दुकानात. हिस्सा तिथेच वळता व्हायचा.

पुढच्या वर्षी करार आला, कपाशीचा पेराच सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी करायचा. पेरा कमी, तर माणसं कशाला हवीत? कुळांची संख्या शक्य तितकी कायम ठेवा, असं करारात लिहिलं होतं. ‘शक्य तितकी’ या दोन शब्दांतून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं बाहेर पडली. जुलै 1934 मध्ये टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत 11 गोरे आणि 7 काळे बसले आणि त्यांनी कुळांची एकत्र संघटना काढली. त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांनी एका खोलीत बसणं हीच मोठी हिंमत. काढणाऱ्यांपैकी एकाचं कपडे धुण्याचं दुकान होतं, दुसऱ्याचा शेजारीच पेट्रोलपंप. आज त्या जागी संग्रहालय आहे.

आता नियम बदललेत. काउंटीत शेतीखात्याचं कार्यालय असतं, शेतकऱ्यांनी निवडलेली समिती असते. रोख खंडाने जमीन घेतली असेल तर अनुदान कसणाऱ्याला. चांगलं आहे. पण मालकालाही आकडा ठाऊक असतोच, तो पुढच्या वर्षी खंड वाढवतो. पाणी शेवटी उताराकडेच जातं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? मी यवतमाळ जिल्ह्यातला. पीएम किसानचे वर्षाला 6 हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचंही तसंच. बटईने किंवा मक्त्याने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, करार तोंडी असतो. तो लेखी करायला मालक तयार होत नाही, कूळ लागेल ही भीती. त्यातही सगळी चूक मालकाची नाही, कायद्याचा धाक जुना आहे. पण मक्तेदाराला ना हप्ता, ना बँकेचं पीककर्ज.

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या वावरात एक जण फवारणी करत होता. पाठीवर पंप, नाकातोंडाला दुपट्टा. मालक नागपूरला राहतात. धुऱ्यावर उभं राहून मी सहज विचारलं, “काय भाऊ, हप्ता आला का?”

त्याने दुपट्टा खाली केला. म्हणाला, “आला असन. मालकाले पुसा.”

आणि पुढच्या ओळीत शिरला.

नमस्कार.