अकरा नौका, एकही गोदी नाही

[नकाशा: मद्रासपासून त्रिंकोमालीपर्यंतचा किनारा]

१७ फेब्रुवारी १७८२. मद्रासच्या दक्षिणेला, सद्रासजवळच्या समुद्रात अकरा फ्रेंच युद्धनौका नऊ इंग्रज नौकांवर चालून गेल्या. पुढच्या सोळा महिन्यांत हेच दोन ताफे आणखी चार वेळा भिडले. पाच लढायांत मिळून एकही मोठी युद्धनौका शत्रूच्या हाती लागली नाही की तोफांनी बुडाली नाही. त्यामुळे 'अनिर्णित' असा शेरा मारून या लढाया उरकल्या जातात, आणि ते आम्हाला पटत नाही. कारण खरी चुरस होती ती दोन लढायांच्या मधल्या दिवसांत. मोडलेली डोलकाठी आधी कोण उभी करतो?

फ्रेंचांचा सेनानी होता सुफ्राँ. प्रोव्हान्सचा, वयानं पन्नाशी ओलांडलेला, अंगानं अवाढव्य, कपड्यांच्या बाबतीत बेफिकीर. समोर होता एडवर्ड ह्यूज, सावध आणि चिवट. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स इंग्लंडविरुद्ध उतरला होता, आणि इकडे कर्नाटकात, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या भागात, म्हैसूरच्या हैदर अलीनं इंग्रजांना जेरीला आणलं होतं. सुफ्राँ आला तो हैदरच्या मदतीला.

पण उतरायचं कुठे? पाँडिचेरी १७७८ मध्येच इंग्रजांनी घेतली होती. कोरोमंडल, म्हणजे इथला पूर्व किनारा, सरळसोट. लाटांच्या माऱ्यात, उघड्यावर नांगर टाकायचा. जवळचं सुरक्षित नैसर्गिक बंदर म्हणजे श्रीलंकेतलं त्रिंकोमाली, तेही जानेवारीत इंग्रजांनी डचांकडून हिसकावलेलं. सुफ्राँचा हक्काचा तळ राहिला मॉरिशसला, हजारो किलोमीटर दूर.

[दृश्य: शिडाच्या युद्धनौकेचं चित्र, हळूहळू डोलकाठीकडे]

शिडाच्या नौकेचा जीव डोलकाठीत असतो. ती मोडली की सगळा डोलारा दोरखंडांसकट डेकवर कोसळतो, त्याच्याखाली तोफा अडकतात आणि नौका जागच्या जागी गरगरते. १२ एप्रिलला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यालगत इंग्रजांच्या 'मॉनमथ'ची हीच गत झाली. तीनपैकी दोन काठ्या गेल्या, तरी कॅप्टन जेम्स आम्सनं निशाण उतरवलं नाही, म्हणजे शरणागती पत्करली नाही. त्या एका दिवसात दोन्हीकडची मिळून पावणेतीनशे माणसं मेली.

६ जुलैला, नागपट्टणमसमोर, ऐन लढाईत वारा अचानक फिरला. रांगा विस्कटल्या. फ्रेंच 'सेव्हेर'च्या कप्तानानं घाबरून निशाण खाली घेतलं. त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याचं ऐकायचं नाकारलं आणि तोफा चालूच ठेवल्या. सुफ्राँनं त्या कप्तानाला पदावरून काढलं.

इतकं नुकसान झाल्यावर कुणीही मॉरिशसची वाट धरली असती. सुफ्राँ पाँडिचेरीच्या दक्षिणेला कडलूरला थांबला. गोदी नाही, लाकडाचा साठा नाही. लहान नौकांच्या काठ्या काढून मोठ्यांवर चढवल्या, मिळेल तिथून लाकूड आणलं, आणि ऑगस्ट संपता संपता त्यानं त्रिंकोमाली घेतलंसुद्धा. ह्यूज २ सप्टेंबरला तिथे पोचला, तेव्हा किल्ल्यावर फ्रेंच निशाण होतं.

दुसऱ्याच दिवशी लढाई. सुफ्राँच्या 'एरो'ची मधली डोलकाठी तुटली आणि तिच्यासोबत निशाणही पडलं. इंग्रज खलाशांनी जल्लोष केला. सुफ्राँ ओरडला, निशाणं आणा, नौकेच्या चहूबाजूंना पांढरी निशाणं लावा! पांढरं म्हणजे शरणागतीचं नव्हे. फ्रान्सच्या राजाच्या आरमाराचं निशाणच तेव्हा पांढरं असायचं. त्या दिवशी त्याचे बरेच कप्तान लांबच राहिले होते.

[दृश्य: मुंबई बंदर, जुनं चित्र]

मग ईशान्य मोसमी वारे सुरू झाले आणि दोघांना कोरोमंडल सोडावा लागला. सुफ्राँ सुमात्राच्या आचे बंदरात गेला. ह्यूज आला मुंबईला. इथे दगडी सुक्या गोद्या होत्या, १७५० पासून एकामागून एक बांधलेल्या. भरतीला नौका आत घ्यायची, दार लावायचं, पाणी काढायचं. मग एरवी पाण्याखाली असणारं अख्खं बूड सुतारांच्या हाताशी येतं. कारागिरांचे प्रमुख होते पारशी जहाजबांधणीकार लवजी वाडियांचे मुलगे, माणेकजी आणि बमनजी. मलबारचं सागवान हाताशी. इंग्लंडहून आलेल्या पाच नव्या नौकाही इथेच ह्यूजला मिळाल्या. त्या वर्षी मराठ्यांशी सालबाईचा तह झालेला, त्यामुळे मुंबईला मागच्या बाजूनं धोका राहिला नव्हता. या कारागिरांचं नाव लढायांच्या वर्णनात क्वचितच येतं, याची खंत वाटते.

शेवटची लढाई २० जून १७८३, कडलूरसमोर. हैदर डिसेंबरातच वारला होता, आणि शहरात अडकलेल्या फ्रेंच सैन्याला इंग्रजांनी वेढलं होतं. ह्यूजकडे अठरा नौका, सुफ्राँकडे पंधरा. माणसं इतकी कमी की सुफ्राँनं किनाऱ्यावरून बाराशे सैनिक तोफांसाठी चढवले. तरीही त्यानंच हल्ला केला. स्कर्व्हीनं (ताज्या अन्नाअभावी खलाशांना होणारा रोग) आणि पाण्याच्या टंचाईनं बेजार झालेला ह्यूज मद्रासला परतला. नऊ दिवसांनी बातमी आली: युरोपात तहाच्या प्राथमिक अटींवर २० जानेवारीलाच सह्या झाल्या होत्या. कडलूरसमोर मेलेल्यांना ते कळलंच नाही.

मायदेशी परतताना सुफ्राँ केप ऑफ गुड होपला थांबला, तेव्हा ह्यूजच्या ताफ्यातले इंग्रज कप्तान त्याच्या नौकेवर जाऊन त्याला मानाचा सलाम करून आले. त्रिंकोमाली तहानुसार डचांना परत गेलं. १७९५ मध्ये इंग्रजांनी ते पुन्हा घेतलं, आणि तिथला आरमारी तळ त्यांनी थेट १९५७ मध्ये सोडला.