म्हैसूरची चपाती, सियाचेनची चौकी

श्रोतेहो, नमस्कार.

देशाच्या सुरक्षेसाठी चाललेलं संशोधन म्हटलं, की क्षेपणास्त्र डोळ्यांपुढे येतं. बातम्यांत तेच झळकतं, म्हणून साहजिकच आहे. मी आज बोलणार आहे चपातीबद्दल, आणि ती टिकावी म्हणून राबलेल्या एका सरकारी प्रयोगशाळेबद्दल.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या गावांत कुणाचा ना कुणाचा मुलगा फौजेत असतोच. सुट्टी संपवून निघालेल्या जवानाच्या पेटीत घरचे भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुंद्याचा डबा भरून देतात. प्रवासापुरतं ते पुरतं. पुढं लेकरू काय खात असेल, ही आईची काळजी. तीच काळजी विज्ञानाचा प्रश्न म्हणून हाती घेतली, ती आपल्याच राज्यातल्या म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीनं. ही प्रयोगशाळा सुरू झाली १९६१ साली. पुढं ती डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची प्रयोगशाळा म्हणून नावारूपाला आली.

१९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासोबतचा रव्याचा शिरा आणि पुलाव म्हैसूरहून गेला होता. ते ११ एप्रिलला परतले, आणि १३ एप्रिलला आपलं सैन्य सियाचेनवर चढलं. ते आजही तिथं आहे. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद २०१६ च्या फेब्रुवारीत तिथल्याच सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरच्या चौकीत बर्फाखाली गाडले गेले. सहा दिवसांनी ते जिवंत सापडले, पण दिल्लीच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडले. तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत सियाचेनचं नाव निघत होतं.

इतक्या उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. पाणी शंभर अंशांना नाही, ऐंशीच्या आसपासच उकळतं. डाळ कितीही वेळ उकळा, कच्चीच राहते. भूक मरते, वजन उतरतं, आणि रॉकेलचा थेंबन् थेंब खालून वर न्यावा लागतो. अशा ठिकाणी अन्न शिजलेलंच पोचायला हवं, नुसतं गरम करून खाता येईल असं.

त्यासाठी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या थरांची पिशवी वापरतात. अन्न भरून ती हवाबंद करायची आणि दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंशांवर ठेवायची. घातक जंतूंचे चिवट बीजाणूही त्या उष्णतेत मरतात, आणि पुलाव फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतो.

चपातीचं दुखणं मात्र वेगळं. तिच्यात ओल असते, म्हणून बुरशी धरते. बुरशी रोखली तरी पिठातला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट होतो आणि चपाती वातड होते. पुलावासारखी वाफेत घातली तर तिची चवच जाते. म्हणून सॉर्बिक आम्लासारखा बुरशीला अटकाव करणारा पदार्थ अगदी मोजून वापरायचा, पाण्याचं प्रमाण सांभाळायचं, वेष्टन असं निवडायचं की ओल बाहेर जाऊ नये आणि हवा आत येऊ नये. मग ठेवून द्यायची आणि ठराविक दिवसांनी उघडून पाहायची : जंतू किती, वास कसा, घास चावता येतो का. महिन्यांमागून महिने हेच काम. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

कारण हे काम पहिल्यांदा दुसरं कुणी केलं नसतं. हिमनदीवरच्या चौकीसाठी चपाती बनवणं कुठल्या कारखानदाराला परवडलं असतं? सरकारी प्रयोगशाळेनं तंत्र सिद्ध केलं, मग ते कारखानदारांना दिलं.

सरकारी प्रयोगशाळांवर दिरंगाईची टीका होते, आणि ती सगळीच खोटी नाही. तेजस या लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. २००१ मध्ये तेजस पहिल्यांदा उडालं ते अमेरिकन इंजिनावर. लढाऊ विमानाचं इंजिन हे फार थोड्या देशांना जमलेलं काम आहे, हेही खरं. तरी लोकांचा पैसा लागतो तिथं जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारताना या चपातीचाही हिशेब धरावा, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या सीमाभागातली मुलं फौजेत जायचं म्हणजे भरतीच्या मैदानावर धावायचं, एवढंच ऐकत मोठी होतात. बेळगावात किंवा पलीकडे कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी आणखी एक वाट पाहावी. नेट किंवा गेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना डीआरडीओच्या प्रयोगशाळांत ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून काम करता येतं. जाहिराती डीआरडीओच्या संकेतस्थळावर येतात. घरात असं कुणी शिकत असेल, तर आज रात्री जेवताना त्यांच्या कानावर घाला.

नमस्कार.