वाक्यांमधला सांधा

(दृश्य : गणपत गल्ली, बेळगाव. साड्यांचे दुकान.)

"ही केवढ्याला?" "साडेचारशे." "आणि ती?" या संवादात एकही वाक्य पूर्ण नाही, तरीही व्यवहार कुठे अडलेला नाही, कारण साडी दोघांच्या डोळ्यांसमोर आहे, बोट तिच्याकडे वळलेले आहे आणि उरलेले काम आवाजाचा चढउतार करतो. बोलली जाणारी इंग्रजीही अशीच चालते. "हाऊ मच इज धिस वन?" या प्रश्नातला 'धिस' समोरच्या वस्तूकडे निर्देश करतो, 'वन' हा शब्द त्या वस्तूच्या नावाऐवजी येतो, आणि "फोर फिफ्टी" एवढ्याच उत्तरातून गाळलेला भाग ऐकणारा स्वतः भरून घेतो. मूळ मुद्द्यावर परतायचे असेल तर 'एनीवे', उत्तरापूर्वी क्षणभर थांबायचे असेल तर 'वेल', असे छोटे शब्द बोलण्याचा धागा सांभाळतात.

(दृश्य : खानापूर तालुक्यातील मराठी शाळा. वहीचे पान.)

कागदावर मात्र बोटही नसते आणि आवाजही नसतो. तेथे एका वाक्याला दुसऱ्याशी बांधून ठेवण्याचे काम शब्दांनाच करावे लागते.

ते कसे होते, याची पद्धतशीर मांडणी मायकेल हॅलिडे आणि रुकय्या हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ साली केली. हॅलिडे इंग्लंडमधील लीड्सचे. रुकय्या हसन यांचा जन्म १९३१ साली उत्तर प्रदेशातील प्रतापगडचा, आणि इंग्रजीच्या घडणीच्या अभ्यासाचा हा पाया घालण्यात आपल्या भूमीत जन्मलेल्या एका विदुषीचा अर्धा वाटा आहे, हे आमच्या शाळांतून सांगितले गेले पाहिजे. वाक्यांना जोडणारे पाच प्रकारचे दुवे त्यांनी दाखवले: निर्देश, नावाऐवजी येणारा बदली शब्द, लोप म्हणजे गाळलेला भाग, उभयान्वयी शब्द आणि शब्दांचे आपसातले नाते. एका परिच्छेदात शेत, पेरणी, पाऊस आणि कापणी हे शब्द आले, तर मध्ये एकही उभयान्वयी शब्द नसताना त्यांचे एकमेकांशी असलेले नातेच परिच्छेद धरून ठेवते.

आता फळ्याकडे पाहा. "माय फादर ग्रोज राईस. सेल्स इन बेळगाव मार्केट." हे लिहिणाऱ्या मुलाने विचारात कोणतीही चूक केलेली नाही. "माझे वडील भात पिकवतात. बेळगावच्या बाजारात विकतात," हे मराठी निर्दोष आहे, कोण विकतात ते क्रियापदाच्या रूपावरून आणि काय विकतात ते मागच्या वाक्यावरून कळते. शेजारच्या बाकावरचा मुलगा हेच कन्नडमध्ये बोलला, तरी कर्ता पुन्हा सांगण्याची गरज त्याला भासणार नाही. सीमाभागातील मूल अशा दोन भाषांत वाढते, आणि इंग्रजी मात्र दोन्ही जागा भरून मागते: "ही सेल्स इट." 'ही' वडिलांकडे आणि 'इट' भाताकडे मागे वळून पाहतो. या दोन लहान शब्दांवाचून परीक्षेत गुण जातात आणि पुढे नोकरीचा अर्जही कच्चा ठरतो.

आमच्या मते दोष सुट्या वाक्यांच्या सरावाचा आहे. रिकाम्या जागा भरून मूल वाक्य शिकते, परिच्छेद शिकत नाही. मग 'हाउएव्हर' आणि 'मोरओव्हर' पाठ करून ते निबंधात पेरते, पण मागचे वाक्य पुढच्याशी जुळलेले नसेल तर असा शब्द नुसताच मध्ये उभा राहतो.

(दृश्य : मुले जमिनीवर कागदाच्या पट्ट्या लावत आहेत.)

या वर्गात शिक्षिकेने एका परिच्छेदाची वाक्ये कापून मुलांसमोर विस्कटून ठेवली आहेत. "बट इट केम लेट" ही पट्टी एका मुलीने पहिली लावली. तिच्या मैत्रिणीने ती उचलली, 'बट'वर बोट ठेवून आधी काहीतरी घडलेले असले पाहिजे असे सांगितले, आणि 'इट' म्हणजे कोण याचा शोध घेत "वुई वेटेड फॉर द रेन" ही पट्टी तिच्या वर सरकवली.