मागच्या सीटवरून

नमस्कार श्रोतेहो.

एखादा बँड आपल्या पहिल्याच अल्बमचं नाव 'फ्यूनरल', म्हणजे अंत्यविधी, असं कशाला ठेवेल? खरं सांगते, त्या नावामुळेच मी तो कितीतरी दिवस लावला नव्हता. रडगाणं ऐकायची हौस कुणाला असते?

कॅनडातल्या माँट्रियलच्या आर्केड फायर या बँडचा हा अल्बम सप्टेंबर २००४ मध्ये आला, 'मर्ज' या छोट्या, स्वतंत्र कंपनीकडून. नाव आलं ते घरातल्या मरणांवरून. जून २००३ मध्ये गायिका रेजिन शासान्य हिची आजी वारली. पुढच्या फेब्रुवारीत बँडमधल्याच विन आणि विल बटलर या भावांचे आजोबा गेले. ते एल्विनो रे, स्विंगच्या जमान्यातले बँडलीडर आणि इलेक्ट्रिक गिटार हाती घेणाऱ्या पहिल्या काही वादकांपैकी एक. वय ९५. आणि या दोन मरणांच्या मध्ये, ऑगस्ट २००३ मध्ये, विन आणि रेजिनचं लग्न झालं. एकाच घरात सनई आणि सुतक, तेही लागोपाठ.

पण रडगाणं म्हणाल, तर ते नाहीच.

पहिल्या गाण्यात बर्फानं अख्खी वस्ती गाडली गेलीय. मोठी माणसं रडतायत. एक मुलगा आपल्या खिडकीपासून तिच्या खिडकीपर्यंत बोगदा खणायचं म्हणतो. मग दोघं बाहेर पडतात, केस वाढतात, जुनं सगळं विसरायला होतं. पुढे मुलांची नावं ठेवायची वेळ येते, तर एकही नाव आठवत नाही! मी इथे दर वेळी थबकते. मागचं सोडून द्या, असं आपण किती सहज सांगतो. इथे सोडता सोडता नावंसुद्धा गेली.

'वस्ती' याच शीर्षकाची चार गाणी आहेत. त्यातल्या तिसऱ्यामागे जानेवारी १९९८ चं हिमवादळ आहे. पाऊस तारांवर पडताच गोठत होता, त्या भारानं विजेचे मनोरे कोसळले आणि ऐन थंडीत लाखो घरं अंधारात गेली. गाणं मात्र धडधडत पळतं, अंधारात पोरं रस्त्यावर उतरावीत तसं.

'वेक अप'मध्ये तर सगळे मिळून नुसता आकार लावतात, शब्दांशिवाय. शेवटाकडे ताल एकदम बदलतो आणि पाय हलायला लागतात. मर्तिकाच्या घरी अचानक हसू फुटतं ना, तसं काहीसं. काहींना हा आरडाओरडा अती वाटतो. मलाही कधी कधी वाटतो.

शेवटच्या गाण्यात मात्र रेजिन एकटी गाते, सुरुवातीला जवळजवळ पुटपुटल्यासारखी. तिला गाडीत मागच्या सीटवर बसायला आवडतं. चालवायला नको, बोलायला नको, खिडकीतून बाहेर बघत राहायचं. मग घरातलं एक माणूस जातं, वंशवृक्षाची पानं गळायला लागतात, आणि पुढची सीट रिकामी होते. आजवर आपण गाडी चालवायलाच शिकत आलो, असं ती म्हणते. आवाज चढत जातो, खाली व्हायोलिनं भरून येतात, शब्द संपतात तरी ती गातच राहते. आता हेच गाणं लावते. आवाज जरा मोठा करा, सुरुवात फार हळू आहे.