बॉम्बे हायच्या तळाशी

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, तेलविहिरींचे पोलादी मनोरे उभे आहेत. हेच बॉम्बे हाय तेलक्षेत्र. इथं पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचानं (रिगनं) इथं तेल शोधलं. पण या तेलाची गोष्ट कितीतरी आधी सुरू होते.

सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटू लागलं. पुढं, दख्खनचा लाव्हा वाहिला त्याच सुमारास, आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडाही दूर गेला. या ओढाताणीत आपल्या पश्चिमेकडचं भूकवच ताणून पातळ झालं आणि तडकलं. काही पट्टे खाली खचले, काही वरच राहिले. शाळेत शिकलेल्या खचदऱ्या आणि गटपर्वत ते हेच, फक्त आता समुद्राखाली पुरलेले. हे भ्रंश, म्हणजे भूकवचातल्या या भेगाही, वाटेल तिथं पडले नाहीत. धारवाड, अरवली आणि नर्मदा या पट्ट्यांच्या तीन दिशांनी जाणाऱ्या प्राचीन शिवणी खडकांत होत्याच. जमीन उसवली ती तिथंच.

खचलेल्या भागांत आधी दलदली झाल्या. झाडपाला, काळा चिखल, कोळसा साचला. मग समुद्र आत शिरला. सुरतेसमोरच्या खोलगट भागात नद्या गाळ ओतत राहिल्या. गाळाच्या भारानं तळ आणखी दबला, तसा आणखी गाळ मावला. खोल गाडलेला चिखल तापत गेला आणि त्यातून तेल, वायू तयार झाले.

बॉम्बे हायचा उंचवटा मात्र या गाळाच्या वाटेतून बराचसा सुटला. इथल्या उथळ, नितळ पाण्यात सूक्ष्मजीवांच्या कवचांचे आणि शैवालांचे चुनखडक बनले. अधूनमधून समुद्र ओसरला की पावसाचं पाणी त्यांत मुरे, चुना विरघळे आणि खडकात पोकळ्या पडत. पुढं खोलातून वर सरकत आलेलं तेल याच पोकळ्यांत साठलं. वर शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचे, घट्ट थर होते, म्हणून ते तिथंच अडकलं.

भूवैज्ञानिकांनी या परिसरातल्या थरांना नावं दिली आहेत ती वसई, अलिबाग, वांद्रे, चिंचणी अशी. कोकण किनाऱ्याची ही ओळखीची नावं समुद्राखालच्या नकाशावर वाचताना फार आपलेपणा वाटतो.

आणि तेल फक्त चुनखडकात नाही. विहिरी आणखी खाली, थेट तळाच्या कठीण खडकापर्यंत गेल्या, तेव्हा तिथल्या भेगांमध्येही तेल सापडलं.