लाइन तुटली हे मशीनला कसं कळतं

(मोडेमचा क्लोजअप)

हा बारका लाल दिवा बघा, एए लिहिलेला. ऑटो आन्सर. तो लागलाय म्हणजे रात्री २ वाजता कॉल आला तरी मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारा हा डबा, स्वतः उचलणार आणि मागचं युनिक्स सिस्टिमवर चालणारं मशीन त्या माणसाला लॉगिन विचारणार. हे जमवून आणायला काय काय करावं लागायचं ते दाखवतो, कारण ही कामं हाताने केलेली माणसं आता कमी उरलीत आणि हे कुठेतरी नोंदलं जायलाच हवं.

(उघडलेलं कनेक्टर)

सुरुवात केबलपासून. कनेक्टर २५ पिनांचं आहे, पण नुसतं टर्मिनल, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड, जोडायचं तर तीन वायरींवर भागतं, २, ३ आणि ७, म्हणजे पाठवणं, घेणं आणि ग्राउंड. तीच केबल मोडेमला लावली की अक्षरं येतात-जातात, सगळं चालतंय असं वाटतं आणि माणूस इथेच फसतो. मोडेमला ८ आणि २० हव्यातच. ८ वरून मोडेम मशीनला सांगतो की लाइनवर कोणीतरी आहे, हा कॅरियर डिटेक्ट, आणि २० वरून मशीन मोडेमला सांगतं की मी तयार आहे, हा सिग्नल बंद झाला की फोन ठेव. ह्या दोन वायरींवर सगळा डोलारा उभा आहे.

(स्क्रीन)

मोडेमला द्यायच्या, एटीने सुरू होणाऱ्या कमांड हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून आल्या, मग सगळ्यांनीच घेतल्या. एस०=१, पहिल्या रिंगला उचल. &सी१, कॅरियरचा सिग्नल खराखुरा दे, कायम चालू ठेवू नको. &डी२, मशीनने २० सोडली की कॉल तोड. मग ई० आणि क्यू१, म्हणजे आलेलं परत पाठवू नको आणि ओके, रिंग असली उत्तरं देऊ नको. हे विसरलात आणि कॅरियरचा सिग्नलही कायम चालू राहिला, तर गेट्टी, म्हणजे लाइनवर लॉगिन विचारणारा मशीनवरचा प्रोग्रॅम, 'लॉगिन' छापतो, मोडेम ते तसंच परत पाठवतो, गेट्टीला वाटतं ह्या नावाचा कोणीतरी युजर आला, तो पासवर्ड विचारतो, मोडेम तेही परत पाठवतो, आणि दोघं रात्रभर एकमेकांशी बोलत बसतात, कॉल एकही नसताना! शेवटी &डब्ल्यू, म्हणजे सेटिंग मोडेममध्येच सेव्ह.

(स्क्रीनवर वेडीवाकडी अक्षरं)

हा स्पीडचा घोळ. मशीन ९६०० वर, समोरचा २४०० वर. त्याने कीबोर्डवरचं ब्रेक बटण दाबलं की गेट्टी पुढचा स्पीड लावून बघतो, कुठल्यानंतर कुठला ते गेट्टीडेफ्स फाइलमध्ये ठरलेलं असतं. एक, दोन... आलं, 'लॉगिन' स्वच्छ वाचता येतंय.

(हात फोनच्या वायरीकडे)

आता आत एक जण लॉगिन आहे आणि आम्ही वायर मुद्दाम ओढतोय. दीडेक सेकंद काहीच नाही. मग सीडीचा, म्हणजे कॅरियर डिटेक्टचा दिवा विझतो, मशीन त्या माणसाचं शेल, म्हणजे त्याच्या कमांड घेणारा प्रोग्रॅम, बंद करतं, टीआर हा २० नंबरच्या सिग्नलचा दिवा क्षणभर विझून परत लागतो, म्हणजे इनिटटॅब फाइलमधल्या 'रिस्पॉन' ह्या, संपलेला प्रोग्रॅम परत सुरू करायच्या सूचनेमुळे नवा गेट्टी उभा राहिला. हे झालं नाही तर पुढच्या कॉलवाल्याच्या हातात आधीच्याचं उघडं अकाउंट जायचं.

वायर परत लावली. एए लागलेलाच आहे.

(रिंग)